अकराव्या जागेवर पाय मोडला

आयुष्याची एकतीस वर्षं मी ऱ्हस्व उकारांचा पाठलाग करण्यात घालवली. कोल्हापुरातल्या एका छापखान्यात मी मुद्रितशोधक होतो. तो छापखाना आता नाही. त्या जागी मोबाइलची कव्हरं विकतात. समोर ओलसर प्रूफ, हातात तांबडी पेन्सिल आणि डोक्यात एकच ध्यास, की ‘नागपूर’ दीर्घ आणि ‘नागपुरात’ ऱ्हस्व. साहित्य महामंडळाच्या १९६२ सालच्या नियमांत गावाच्या नावातला ‘पूर’ दीर्घ लिहावा असा स्वतंत्र नियमच आहे. लोकांना तो माहीत नसतो, आणि माहीत करून दिलेला आवडत नाही. लग्नपत्रिका छापायला आलेला मुलीचा बाप ‘कोल्हापुर’खालची माझी तांबडी खूण बघायचा आणि म्हणायचा, “मास्तर, तेवढ्यानं लगीन मोडत नसतंय.”

मोडत नसतंय, हे खरंच. ऱ्हस्व-दीर्घावाचून ज्याचं खरोखर अडतं असा प्राणी मला उभ्या नोकरीत भेटला नाही. तो निवृत्तीनंतर भेटला, आणि तो माणूस नव्हता.

झालं असं, की छापखान्यातल्या जुन्या मंडळींचा मेळावा घ्यायचं ठरलं. जुळारी, मशीनमन, बाइंडर, घडीवाल्या बायका, आणि ज्यांची उधारी अजून यायची आहे असे काही ग्राहक, अशी १४३ नावं निघाली. पाकिटांवर पत्ते मीच लिहिणार होतो. दीड दिवसाचं काम. पण भाची आली. ती राजारामपुरीत राहते, इंजिनिअरिंगला आहे, आणि हातानं केलेलं कुठलंही काम बघून तिला मनापासून वाईट वाटतं.

“मामा, १४३ पाकिटं हातानं? प्रोग्राम लिहिते की. पाच मिनिटांचं काम.”

पाच मिनिटांचं काम म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. छापखान्यात आम्ही ज्या ज्या रात्री जागून काढल्या त्या सगळ्या पाच मिनिटांच्या कामांनी. पण भाचीला नाही म्हणणं मामाच्या धर्मात बसत नाही. दीड दिवसाचं ते काम मग आम्ही दोघांनी मिळून चार दिवसांत संपवलं.

प्रोग्राम म्हणजे एक काळी खिडकी. चित्रं नाहीत, बटणं नाहीत, काही नाचत नाही. एक ओळ टाइप करायची, एंटर मारायचा, आणि ती गप बसून काम करते. मला ती पहिल्या भेटीतच आवडली. आमच्या फोरमनची आठवण झाली. यादी मी नोटपॅडमध्ये टाइप केली होती. एका ओळीवर गाव, त्याखाली त्या गावातली माणसं. आधी कोल्हापूर, मग सांगली, इचलकरंजी, जयसिंगपूर असं करत निपाणीपर्यंत. प्रोग्रामनं एकेक नाव उचलायचं, त्याला क्रमांक द्यायचा, खाली गाव लिहायचं आणि चिकटवायच्या चिठ्ठ्यांची एक फाइल तयार करायची. गावांची नावं भाचीनं माझ्याच यादीतून उचलून प्रोग्रामात डकवली. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आधी चाचणी. पाटील, माने, जाधव, शिंदे, मोरे, अशी पाच आडनावं तिनं दिली. खिडकीनं क्षणभर विचार केला आणि पाच चिठ्ठ्या बाहेर आल्या. “चाललंय की, मामा!” कोल्हापुरात एखादी गोष्ट पाटलांवर चालली म्हणजे निम्म्या गावावर चालली, असा माझाही समज होता. मग पूर्ण यादी दिली, आणि खिडकीनं इंग्रजीत बोंब मारली.

बोंबेचा अर्थ भाचीनं सांगितला तो असा: ‘चारमॅप’ नावाच्या कुणाला तरी ११व्या जागेवरचा एक बाइट वाचता येत नाही, कारण त्या आकड्याला अक्षरच नेमलेलं नाही. बाइटाचं नाव, आठ-डी.

“११व्या जागी काय आहे मामा?”

यादीची सुरुवात ‘कोल्हापूर’पासून. मी बोटांवर मोजलं. को, ल्हा, पू, र. चार अक्षरं. पुढे ओळ संपते. ११वं अक्षर कुठून आणू? तिनं मान हलवली. यंत्राच्या लेखी त्यात नऊ चिन्हं: क, ओकार, ल, पाय मोडका, ह, काना, प, दीर्घ उकार, र. जुळाऱ्याच्या केसमध्ये अर्धा ल हा वेगळा खिळाच असायचा. इथं मात्र अख्खा ल घ्यायचा आणि मग त्याचा पाय मोडायचा. ठीक आहे, व्याकरणाच्या दृष्टीनं हेच जास्त खरं. नऊ चिन्हं, आणि प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं. ‘कोल्हापूर’ सत्तावीस बाइटांचं. इंग्रजीत लिहिलं तर हेच गाव आठ बाइटांत मावतं, पण त्याला कोल्हापूर म्हणायला जीभ वळत नाही.

“आणि मोजायचं शून्यापासून,” ती म्हणाली.

राजारामपुरीत गल्ल्यांना क्रमांक आहेत, पण शून्यावी गल्ली मी ऐकलेली नाही. तरी मोजलं. शून्य, एक, दोन हा क. तीन, चार, पाच हा ओकार. सहा, सात, आठ हा ल. नऊ, दहा, अकरा… हा पाय मोडका. ११व्या जागेवर यंत्राचा पाय मोडला होता, आणि तो अक्षरशः पाय मोडक्यावरच.

आता यात दोष कुणाचा? भाचीचं म्हणणं फाइल चांगली आहे, मीही अक्षर चुकवलेलं नव्हतं. हे समजायला मला छापखान्यातलीच एक जुनी गोष्ट उपयोगी पडली. खिळ्यांची केस म्हणजे लाकडी खणांचा उथळ पेटारा. कसलेला जुळारी केसकडे बघत नाही. हात आपोआप खणाकडे जातो, जसा सुगरणीचा मिठाकडे. एकदा कुणीतरी मराठीच्या घोडीवर इंग्रजीची केस ठेवून गेला. आमचा सगळ्यात जुना जुळारी आदल्या दिवशीच्या कुस्तीबद्दल बोलण्यात रंगला होता. त्यानं त्या केसमधून दीड ओळ जुळवली. ओळ देखणी होती, घट्ट होती, दोन्ही कडांना बरोबर बसलेली होती. फक्त ती जगातल्या कुठल्याच भाषेत नव्हती. आणि गंमत अशी, की त्याचा हात एकदाही चुकला नव्हता. क जिथं असतो त्या खणात हात गेला होता; खणात भलतंच कुणी राहत होतं.

फाइलीचं नेमकं तेच असतं. फाइलीत अक्षरं नसतातच, खणांचे नंबर असतात. कुठल्या नंबराच्या खणात कोण, हे सांगणारा तक्ता वेगळा. मी लिहिताना नोटपॅडनं एक तक्ता वापरला आणि भाचीच्या प्रोग्रामनं वाचताना दुसरा. कुठला वापरायचा ते तिनं सांगितलं नव्हतं, म्हणून त्यानं यंत्राला विचारलं. यंत्र ‘इंग्रजी (भारत)’ असं लावलेलं. त्यानं आपल्या घरातला जुना तक्ता काढून दिला. त्याचं नाव विंडोज-१२५२. पश्चिम युरोपातल्या भाषांसाठी केलेला, २५६ खणांचा, आणि त्यातले पाच खण आजतागायत रिकामे. त्यांचे नंबर संगणकाच्या सोळाच्या हिशोबात ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. आपल्या पाय मोडक्याचा तिसरा बाइट ८डी. हात रिकाम्या खणात गेला आणि जुळारी ओरडला.

मी सहज विचारलं, “बाकीच्या चार रिकाम्या खणांत आपलं काय काय पडतं गं?”

तिनं हिशोब करून सांगितलं. ८एफमध्ये ए. ९०मध्ये ऐ, आणि वर ॐसुद्धा. ९डीमध्ये झ. आणि ८१मध्ये ऱ्हस्व उकार.

मी खुर्चीतून उठलो. “आणि दीर्घ?”

“दीर्घ ८२ला. तिथं काहीतरी आहे, त्यामुळे तो जातोय.”

एकतीस वर्षं! एकतीस वर्षं मी ज्याची वाट बघितली ते हे यंत्र. ‘नागपूर’ लिहा, बिनबोभाट पुढे जातं. ‘नागपुर’ लिहा, गाडी जागच्या जागी बंद. मुलीच्या बापाला मी हेच यंत्र दाखवायला हवं होतं.

त्या संध्याकाळी पाकिटं तशीच पडून राहिली. आम्ही मामा-भाची अख्खं कोल्हापूर त्या आजारी प्रोग्राममधून गाळून काढत बसलो. रंकाळा जातो, पंचगंगा जाते, पन्हाळा अडकतो. मंगळवार, शनिवार, रविवार या पेठा जातात. बुधवार आणि शुक्रवार दारातच. जोतिबा जातो, ज्योतिबा जात नाही. अंबाबाई जाते, महालक्ष्मी अडते. यावरून कुणी काही निष्कर्ष काढून वर्तमानपत्राला पत्र लिहू नये, हा निव्वळ बाइटांचा मामला आहे. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेलं खासबाग मैदान आत जातं. तालीम जाते, आखाडा जातो, पैलवान लांग चढवून आत जातो, आणि कुस्ती मात्र होत नाही, कारण तिच्या पहिल्याच अक्षराला ऱ्हस्व उकार आणि दुसऱ्याला पाय मोडका. गूळ जातो, गुळाचा रवा अडतो. सामान्यरूप होताना उपान्त्य दीर्घाचा ऱ्हस्व होतो हा नियम मी शेकडो लोकांना समजावून सांगितला असेल; कुणाला पटला नाही. या यंत्राला न सांगता कळला.

जेवणाचं ताट मांडलं तर मिसळ जाते, कट जातो, तांबडा जातो, पांढरा जातो, पण रस्सा जात नाही. आणि ‘झणझणीत’ हा शब्द तर पहिल्याच अक्षरावर गचकतो. कोल्हापूरची गोष्ट आणि तिच्यात झणझणीत चालत नाही! भाची म्हणाली, “नाद जातोय मामा, पण खुळा अडकतोय.” त्यावर मी हसलो, ती हसली, आणि आतून बहिणीनं विचारलं, की पाकिटांचं काय झालं.

पाकिटांचं असं झालं होतं, की आमच्या पाच चाचणी-नावांत एकही ऱ्हस्व उकार नव्हता, एकही जोडाक्षर नव्हतं, झ नव्हता. पाटील, माने, जाधव, शिंदे, मोरे. चुकून इतकी निर्मळ पाच आडनावं निवडणं मुद्दाम ठरवूनही जमलं नसतं. पहिलं नाव कुलकर्णी किंवा चव्हाण असतं तर रोग पाच मिनिटांत कळला असता. झेंडे असते तर पहिल्या अक्षरालाच.

तरी मला एक कळेना. तक्ता चुकीचा होता तर त्या पाच चिठ्ठ्या बरोबर कशा आल्या? भाचीनं सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात करवीर दरबारचे मोडी कागद आहेत, रुमालांत बांधलेले. समजा, मोडीचं एक अक्षर न येणाऱ्या चित्रकाराला आपण त्यातला एक कागद दिला आणि म्हटलं, याची हुबेहूब नक्कल कर. तो रेषेला रेष काढेल. त्याला काही कळलेलं नसेल, पण मोडी येणारा माणूस ती नक्कल घडाघडा वाचेल. प्रोग्रामनं पाटलांची अशीच नक्कल केली होती. चुकीच्या तक्त्यानं वाचलं, त्याच चुकीच्या तक्त्यानं लिहिलं, आणि नंबर होते ते तसेच राहिले. मधल्या मध्ये त्याच्या डोक्यात काय चाललं होतं ते मात्र बघण्यासारखं होतं.

तिनं ते दाखवलं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह फुटून तिथं दोन-तीन परकी चिन्हं उभी. पहिलं कायम तेच, डोक्यावर तिरकी काडी घेतलेला फ्रेंच वळणाचा ए. दुसरं दोनांपैकी एक: एक तर चार किरणं फुटलेलं वर्तुळ, किंवा चक्क जपानी येन. ते किरणांचं वर्तुळ म्हणजे काय विचारलं तर म्हणाली, ते ‘कुठलंही चलन’ या अर्थाचं चिन्ह आहे. म्हणजे मराठीचं प्रत्येक चिन्ह त्या तक्त्यात पैशाचं चिन्ह होऊन बसत होतं. एकट्या कोल्हापुरात तीन येन निघाले. दीर्घ वेलांटीत तर येन आणि त्याच्या शेजारी युरो, असे दोन्ही एकदम. आमच्या जिल्ह्यातल्या प्रत्येक पाटलाच्या पोटात एक येन आणि एक युरो दडलेला आहे याची खुद्द पाटलांना कल्पना नसावी. फक्त रुपया तेवढा कुठं सापडला नाही. त्याचं चिन्ह २०१० साली ठरलं. १२५२च्या खणांत त्याला जागाच नाही.

जपान्यांकडे या प्रकाराला शब्द आहे, मोजिबाके. मोजि म्हणजे अक्षर, आणि बाके हे रूप पालटण्याचं. भुतांबद्दल बोलतानाही हेच क्रियापद येतं म्हणे. म्हणजे अक्षरांना झपाटणं. आपल्याकडे डीटीपीवाले ‘फॉन्ट उडाला’ म्हणतात, किंवा ‘डबे आले’. दोन्ही शब्द मला आवडतात, कारण त्यात तक्रार नाही. पाऊस आला म्हणावं तसं म्हणतात.

फॉन्ट उडण्याचा अनुभव आम्हाला नवा नव्हता. छापखान्यात पहिला संगणक आला तेव्हा प्रत्येक कंपनीच्या मराठी फॉन्टचं स्वतःचं राज्य होतं. इंग्रजी अक्षरांच्या घरात मराठी आकार बिऱ्हाडाला ठेवलेले, आणि कुणाच्या घरात कोण हे ज्याचं त्याला माहीत. ग्राहक फ्लॉपी घेऊन यायचा. ती उघडली की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा. “काल तर दिसत होतं,” ग्राहक शपथेवर सांगायचा, आणि तो खोटं बोलत नसायचा. त्याच्याकडे फॉन्ट होता, आमच्याकडे नव्हता. मी मूळ हस्तलिखित मागायचो आणि पुन्हा टाइप करायला बसवायचो. तेव्हाही कानपूरच्या आयआयटीत आणि पुढे १९८८ साली निघालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये लोक सगळ्या भारतीय लिप्यांना एकच तक्ता बसवायच्या खटपटीत होते. १९९१ साली त्याचं भारतीय मानक झालं, आणि त्याच घराण्यातला क्रम युनिकोडनं उचलून देवनागरीला १२८ जागांची एक पेठ दिली. आमच्या गल्लीपर्यंत ही बातमी पोचायला मात्र वीसेक वर्षं लागली.

परत पाकिटांकडे.

भाचीचा पहिला उपाय तरुण वयाला शोभेल असा होता. प्रोग्रामला सांगता येतं, की जे अडेल त्याकडे काणाडोळा कर. तिनं सांगितलं. खिडकी एकदम शहाण्यासारखी वागू लागली, बोंब नाही, काही नाही, चिठ्ठ्या तयार. फाइल उघडली तर प्रत्येक जोडाक्षराच्या आणि ऱ्हस्व उकाराच्या जागी काळी शंकरपाळी, आणि तिच्या पोटात पांढरं प्रश्नचिन्ह. कुलकर्ण्यांना दोन शंकरपाळ्या आल्या, चव्हाणांना एक, खुद्द कोल्हापूरला एक. दिवाळी अजून दोन महिने लांब होती.

मला याचा मनापासून राग आला. येन आणि युरोचा गोंधळ परवडला. त्यात नंबर शाबूत असतात, योग्य तक्ता धरला की अक्षरं जशीच्या तशी परत उभी राहतात. काणाडोळ्यात तो बाइटच गळून पडतो. शंकरपाळीकडे बघून आत उकार होता की पाय मोडका, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. नशीब, की मूळ यादीला मी हात लावू दिला नव्हता. प्रुफं किती का रंगेनात, मूळ प्रत खिळ्याला टोचून ठेवायची, ही सवय नोकरीत लागली ती मोडली नाही.

दुसरा उपाय खरा होता आणि हास्यास्पद वाटावा इतका छोटा. फाइल वाचताना आणि लिहिताना, दोन्ही ठिकाणी तिनं तक्त्याचं नाव लिहिलं: यूटीएफ-८. बस. हा तक्ता केन थॉम्पसन आणि रॉब पाइक या दोघांनी १९९२च्या सप्टेंबरात न्यू जर्सीतल्या एका खानावळीत जेवता जेवता, ताटाखालच्या कागदावर मांडला. आपल्याकडे ताटाखाली कागद घालायची पद्धत नाही. असती तरी तांबड्या रश्श्यापुढे कुठला शोध टिकला असता? त्यांची युक्ती एसटीच्या कंडक्टरला पटेल अशी आहे. चिन्हाचा पहिला बाइट चढतानाच सांगतो, ‘तीन फुल’. मग मागचे दोघं त्याचेच, हे आपोआप कळतं. इंग्रजी अक्षरं एकटीदुकटी फिरतात, त्यांना एकेक बाइट पुरतो. आपली देवनागरी कायम तिघांत.

चिठ्ठ्यांची फाइल नोटपॅडमध्ये अगदी नितळ उघडली. आता हीच फाइल काळ्या खिडकीत दाखव म्हटलं, तर तिथं ग्रीक अल्फा आणि डोक्यावर लाट घेतलेले स्पॅनिश एन! मी हताश झालो. भाची म्हणाली, खिडकीचा तक्ता आणखी वेगळा आहे, ४३७ नंबरचा, आयबीएमच्या १९८१च्या पीसीपासून चालत आलेला. म्हणजे एकाच यंत्रात माजघरात एक तक्ता आणि ओसरीवर दुसरा. तो बदलायचा हुकूम असतो. तिनं तो टाइप केला आणि पुढे आकडा लिहिला, ६५००१.

हा आकडा मला फार आवडला. पुढचा एक! देणगी द्यावी तर अशी. मंडळाच्या पावतीवर ५०१ असतात, कुस्तीच्या जोडीला ५,००१ लागतात, तसे यूटीएफ-८ला ६५,००१. नारळ तेवढा फोडायचा राहिला होता. आणि इतकी भरघोस वर्गणी घेऊनही खिडकीनं काय दिलं, तर रिकामे चौकोन. डबे.

“आता परत काय?”

“आता काही नाही मामा. तक्ता बरोबर आहे, खिडकीच्या फॉन्टमध्ये देवनागरीचे खिळेच नाहीत. फाइल चांगली आहे.”

हे मला एकदम पटलं. आमच्याकडेही शाई कमी पडली की छापील कागद कोरा निघायचा. म्हणून कुणी फर्मा सोडत नसे. खिडकीत दिसतं त्यावर विश्वास ठेवायचा नाही, फाइल उघडून बघायची, हे मी वहीत लिहून ठेवलं.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण दोन नावं राहिली होती असं बहिणीला रात्री दहा वाजता आठवलं. भाचीनं या वेळी यादी एक्सेलमध्ये घेतली, नावं घातली आणि परत साठवली, तीही यूटीएफ-८ म्हणूनच. प्रोग्राम चालला. पहिली चिठ्ठी आली. क्रमांक १, निमंत्रित: कोल्हापूर. पत्ता नाही. आणि त्यामागून कोल्हापूरचे एकूण एक लोक बेवारशासारखे, नावाखाली गावच नाही. सांगलीपासून पुढे सगळं ठीक.

यावर तासभर गेला. डोळ्यांना दोन्ही याद्या सारख्या. शेवटी कळलं, की एक्सेलनं फाइलीच्या अगदी तोंडाशी तीन अदृश्य बाइट लावले होते, ‘ही फाइल यूटीएफ-८ आहे बरं का’ असं सांगणारे. हेतू चांगला. पण ते तीन बाइट यादीतल्या पहिल्या शब्दाला चिकटले, आणि प्रोग्रामच्या लेखी ते गाव कोल्हापूर राहिलं नाही. गाव नाही म्हटल्यावर तो माणूस असणार, म्हणून त्याला निमंत्रण. न दिसणारा पाहुणा पंगतीत पहिल्या पाटावर येऊन बसला आणि यजमानाचा पाट गेला. यालाही तोड निघाली; तक्त्याच्या नावापुढे तीन अक्षरांचं शेपूट लावलं, की तो पाहुणा दिसला तर नमस्कार करून बाजूला बसवायचा. भाची म्हणाली, हा प्रोग्राम ज्या भाषेत लिहिलाय त्या पायथनवाल्यांनी आता ३.१५ या आवृत्तीपासून सगळीकडे यूटीएफ-८च धरून चालायचं ठरवलंय, म्हणजे पुढच्या पिढीला हा ताप नाही. पुढच्या पिढीतल्या मुलीनंच हे मला सांगितलं.

पाकिटं गेली. मेळावा झाला. १४५पैकी नव्वदेक लोक आले, म्हणजे आमच्या वयाच्या मानानं फारच. जेवणं झाल्यावर तोच कुस्तीवाला जुळारी माझ्याजवळ आला. नव्वदीला टेकलेला, मुलाकडे जयसिंगपूरला असतो. बोटं आता थरथरतात, पण चष्म्यामागचे डोळे तेच. त्यानं सदऱ्याच्या खिशातून घडी केलेलं पाकीट काढलं आणि माझ्यापुढे धरलं.

“मास्तर, वाचा की.”

त्याचं नाव, आणि त्याखाली गाव. ‘जयसिंगपुर’. ऱ्हस्व. आणि त्या उकाराभोवती तांबड्या पेन्सिलीचं नेटकं वर्तुळ.

यादी मी टाइप केली होती. माझ्याच यादीतून गावाचं नाव प्रोग्रामात गेलं होतं, आणि जयसिंगपूरला एकंदर सात पाकिटं गेली होती. मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं काही नव्हतंच. त्यानं पाकीट परत घडी करून खिशात ठेवलं, अगदी जपून. बहुतेक घरी जाऊन फ्रेम करणार असावा.

भाची मागं उभी राहून हे सगळं बघत होती. तिनं माझ्या कानाशी येऊन विचारलं, “मामा, १२५२ परत लावू काय?”